सैल बांगड्या

—न्हाईच जानार मी पुन्याला आपरेशनला, कुनी बी सांगू दे! आगं, बांगडी भरतीस तर धर की मनगट नीट, रंगूमावशे. दाबलं म्हनून मोडत न्हाई. ह्यो हात मोडका न्हाई, आळशी हाय — इचार की आमच्या आत्याबाईंना. सकाळी घागर उचलती नि दुपारी ताटली उचलंना, असलं दुखनं कुनी पायलंय का, असं सासूच साऱ्या आळीला इचारत हिंडती म्हनल्यावर झालं! आनि त्यो खडीच्या कामावरचा मुकादम. सकाळी मी बायांच्या बरोबरीनं हातोडा हानते, पर उन्हं वर आली की पापन्या मिटाया लागत्यात — तर म्हनं, "छबूबाई, दुष्काळी काम सरकारनं झोपायला काढलंय व्हय?" लई हसली मानसं. मी बी हसले असते, पर हसायला गालफडं वर जायला पायजेत ना!

पुन्याच्या डाक्टरनं नाव सांगितलं दुखन्याचं. लांबलचक — म्हनस्तवर मानूस दमतंय. म्हनं, अंगात राखनदार असत्यात, ते रोगाला मारायचं सोडून आपल्याच हातापायाच्या ताकदीवर उठल्यात. म्यां म्हनलं, यात नवं काय सांगितलंस रं बाबा? घरचीच मानसं उठत्यात, ह्ये मला लगीन झाल्यापासनं ठावं हाय. हसला न्हाई. शिकल्याल्या मानसाला लवकर हसू येत न्हाई. मंग म्हनला, छातीच्या हाडामागं एक गाठीवानी असतंय, ते काढायचं. कसं? तर हाड करवतीनं उभं कापायचं — म्हंजे मी काय बाभळीचं खोड हाय! बरं, काढल्यावर बरी होईन का? तर म्हनं, होशील बहुतेक. लगीच न्हाई, वरीस-दोन वरीस लागंल. न बी होशील. ऐक! तू दारात येऊन म्हनलीस, बांगडी भरते, बसली तर बसंल मापाची — तर तुला कुनी उभं करंल का?

देवीचं तसं न्हाई. नवरात्रात मोहट्याला घटी बसले, देवळाच्या पडवीत. नुसतं बसायचं, नाव घ्यायचं, आरतीला उठायचं. पाचव्या माळेला पापन्या उघडल्या, मावशे! एकीच्या दोन दिसायच्या त्या समया एकेक झाल्या. आत्याबाई म्हनल्या, देवी पावली. घरी आले, जात्याला बसले — आठवड्यात पुन्हा मान लोंबाया लागली. तवा त्याच म्हनल्या, तुझ्या भक्तीतच खोट. आनि डाक्टर म्हनं, देवी न्हाई बाई, इसावा मिळाला तुला. शाना मोठा! म्यां इचारलं, आनि इसावा कुनी दिला? ह्या घरात तर आजवर कुनी दिला न्हाई, देवीनंच दिला की!

ह्या मंगळवारचं तर इचारूच नगं. उपास व्हता. शाबूदाना चालतोय, रताळं चालतंय — पर डाक्टरची गोळी चालती का? आत्याबाई म्हनल्या, गोळी कशी चालंल, ती काय फराळाची हाय? मला बी पटलं. खोटं कशाला बोलू, देवीचा वार मोडावा वाटंना. सांजच्याला घोटभर पानी प्याले, ते नाकातनं आलं. दम कोंडला, डोळं पांढरं झालं म्हनं. आमच्या मालकांनी गोळी कुटून जिभंवर चोळली, लई येळानं परत आले मी. मंग त्यांनीच माझं तोंड पुसलं — मला कळलं. आनि तेच मालक दुसऱ्या दिशी तंबाखू मळत म्हनत्यात, "आपरेशनचं तुझं तू ठरीव." बघ की! ह्या घरात आमटीत मीठ किती घालायचं ते मला कुनी इचारलं न्हाई, आनि छाती चिरायची येळ आली तवा माझं मी ठरवायचं!

आत्याबाईंचं एकच. तिथं दवाखान्यात बांगड्या वाढवाया लावत्यात, फोडून काढत्यात. सवाष्नीनं मोकळ्या हातानं सुरीखाली जायाचं म्हंजे... असं म्हनून डोळ्याला पदर लावला. माझ्यासाठी रडल्या का लेकासाठी, देवीला ठावं.

म्हनून म्हनते, न्हाईच जा— आगं थांब, थांब! ही नगं चढवू. ही मापाची झाली. एक माप मोठं काढ. हिरव्याच, अशाच, कुनाला वळखू येऊ नई अशा. व्हय, सैल. काय म्हनतीस, दळताना आपटून फुटतील? कुनाला दळायचंय! भर... आता सोड हात. बघ — अंगठा आत घेऊन खाली केला की आपसूक उतरल्या. एक बी वाढवाया लागली न्हाई. घाल पुन्हा हातात. तिथल्या नर्सबाईला सांगीन, रुमालात बांधून उशापाशी ठेव. परत आले की माझ्या हातानं चढवीन. हात तेवढा वर उठू दे म्हनलंय देवीला, बाकी काय मागितलं न्हाई.

अशी बघू नगंस माझ्याकडं. आनि कुठं बोललीस तर ह्या दारात पुन्हा पाय... बघ, आवाज नाकात गेला. लई बोलले. उचल टोपली, जा आता. जा म्हनते ना—

—व्हय, आत्याबाई. मापाच्याच भरल्यात.