टेकडीवरची चप्पल

हॅलो? … हॅलो, अक्का? मी भगवंत.

… देवासहूनच, अजून कुठून?

… नाही गं, आज पोलिसाचा आवाज नाही काढणार. अगं ऐक ना. भाऊजी बाजूला आहेत का? … स्पीकरवर ठेवलायस? बंद कर आधी. … हसू नकोस, बंद कर.

… केलास? हां.

अक्का, सोमवारी मला इंदूरला जायचंय. दिमागाच्या डॉक्टरकडे.

… घे, हसून घे. आहे का दिमाग, तेच बघायला पाठवलंय. तुझ्या आधी मीच बोललो. झालं? … ऐकशील आता?

चप्पल. … चप्पल गं, पायातली! मंगळवारी देवीचं दर्शन करून टेकडी उतरत होतो. मागून फुलवाला ओरडला, "भिया, तुमची चप्पल!" पाहतो तर डावा पाय उघडा. चप्पल चाळीस पायऱ्या वर राहिलेली. भर दुपारी, मे महिन्यात. दगड म्हणजे नुसता तवा. आणि मला पत्ताच नाही.

… हो, लोक हसले. मीपण हसलो, काय करणार? तळव्याला बोराएवढा फोड आलाय.

… नाही दुखत. तेच तर सांगतोय ना, दुखत नाही!

… आणि हात. उजवा. शर्टाचं बटन लागत नाही. परवा कपबशी सुटली, तर नीतूनं टाळी वाजवली. सख्खी बायको माझी! तिला वाटलं नवीन आयटम आहे.

… नाही सांगितलं तिला. कसं सांगू?

… माहितीये गं, रंगपंचमीचं माहितीये. हो, बेशुद्ध पडलो होतो. हो, तू धारहून रडत रडत जीप करून आलीस. हो, हो, मी एक डोळा उघडून श्रीखंड मागितलं. डबा फेकून मारलास ना? फिटलं की!

… कसम खातो. … माईची. … गेलेल्या आईची खोटी कसम मी कशाला… खाल्ली होती? कधी? … बरं, खाल्ली होती.

… हो, एमआरआय झाला. त्या बोगद्यात पडलो होतो, ठकठक, ठकठक… म्हटलं, बाहेर निघून त्या मशीनवाल्याला कसं घाबरवू? अक्का, एक आयडिया नाही सुचली. एकसुद्धा.

… सांगत नाहीत ना! सोमवारी सांगणार. डॉक्टर फक्त एवढं म्हणाले, "अकेले मत आना, घर के किसी को साथ लाना." अकेले का नको? सर्दी-खोकल्याला कोणी असं म्हणतं? चार दिवस तेच घुमतंय डोक्यात. जेवताना तेच, अंघोळीला तेच…

… नाटक नाही गं.

… नाही.

… बरं. ठीक आहे. मजाक होती. … हो, सगळी. चप्पलपण. जिंकलीस तू. ठेव फोन, भाजी करपेल तुझी.

… हॅलो?

… अक्का? गेलीस का?

… हां, मीपण इथेच आहे.

… काय?

… हो. खरंय. मजाक होती हे इतक्या लवकर कधीच कबूल नाही करत मी. समोरच्याचं तोंड पाहिल्याशिवाय तर…

… ए अक्का. ए, रडू नको ना. तू रडलीस तर मी काय करू? … भीती वाटतेय गं. खूप वाटतेय.

… इंदूरच्या गंगवाल स्टँडला? सोमवारी सकाळच्या पहिल्या बसनं? … हो, स्टँडवरच उभा राहीन. देवासहून मी आधीच पोचतो.

… नीतूला? आज? … तूच फोन कर तिला. माझं कोण खरं मानणार?

… हो, येईल ती. तिघं जाऊ.

… नाही, चप्पल नाही घालत. बूट घालीन, लेसवाले. पायातून निघणार नाहीत.

… लेस? … नाही, लेस नाही येत बांधता.

… आत खोचून येतो. स्टँडवर तू बांध.

… हो. ठेवतो.