पळसाच्या पानात बांधलेला चारा

पुरवणी जबाब
पोलीस ठाणे नार्नूर, दिनांक १२ डिसेंबर २०२५, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे

नाव बयनाबाई मारोतराव गोहोकर, वय अंदाजे ५८ वर्षे, धंदा भाजीपाला पिकवून बाजारात विकणे, राहणार मौजे पिंपळझरी, मंडल नार्नूर, जिल्हा आदिलाबाद.

मी आज आपणहून ठाण्यात हजर होऊन सांगते की, माझे पती मारोतराव गोहोकर, वय ६४, हे बेपत्ता असल्याची खबर मी काल गुरुवारी याच ठाण्यात दिली. कालचा जबाब तेलुगूत लिहिला गेला. मला तेलुगू बाजारापुरतेच बोलता येते. हेड कॉन्स्टेबल भगवानराव यांना मराठी लिहिता येते, म्हणून आजचा जबाब मी मराठीत देत आहे. काल काही गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. एक गोष्ट ठाऊक असून मी सांगितली नाही. दोन्ही आज सांगते.

सोमवार दिनांक ८ रोजी सकाळी सहाच्या सुमारास माझे पती घरून निघाले. गावापासून दोन किलोमीटरवर मोठा तलाव आहे व त्याला लागून आमचे कापसाचे वावर आहे. महिन्यातून एकदा ते तिकडे जातात, दोन रात्री वावरातल्या खोपडीत राहतात, तलावावर गरीने, म्हणजे गळाने, रोहू-कटला मासे धरतात व तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येतात. निघताना म्हणाले, "बुधवारी सांजच्याला येतो. कालवणाची तयारी ठेव." आमच्या घरी एकच मोबाईल आहे. तो ते घरी ठेवून जातात, कारण पहिला त्यांनी तलावात पाडला.

बुधवारी ते आले नाहीत. गुरुवारी सकाळी आठ वाजता आमचे शेजारी चंपत हे तलावाकडे गेले असता त्यांना काठावर माझ्या पतींचे धोतर व बंडी घडी करून व शेजारी चपला ठेवलेल्या दिसल्या. गरीची काठी झाडाला टेकवलेली होती व रिकामी पिशवी बाजूला होती. माणूस कोठेही नव्हता. गरी पाण्यात अडकली असेल, ती काढायला कपडे काढून उतरले असतील व बुडाले असतील, असे सर्वांचे मत पडले. मी खबर दिली. संध्याकाळपर्यंत पोहणाऱ्यांनी तळ शोधला व जाळे फिरवले. काही सापडले नाही. जाळेवाल्यांपैकी एक जण दुसऱ्याला हळू आवाजात म्हणाला, "थंडीत मढं वर यायले टाइम लागते." मला ऐकू कमी येते असे त्याला वाटले असावे.

आज सकाळी आठ वाजता वस्तू ओळखण्यासाठी मला तलावावर बोलावले. कपडे, चपला, काठी व पिशवी माझ्या पतींचीच आहेत, हे मी ओळखले. मग मी विचारले, "चारा कुठं हाय?" भगवानराव म्हणाले, "बाई, माणूस सापडून नाई राह्यला अन् तुमी चाऱ्याचं काय घेऊन बसल्या?" मी म्हटले, "चारा सापडला म्हंजे माणूस सापडते." असे मी रागाने बोलले, तेव्हा मला स्वतःलाही त्याचा अर्थ नीट कळलेला नव्हता.

येथे चारा म्हणजे गुरांचा चारा नव्हे. मासा गरीला लागावा म्हणून लावायचा पिठाचा गोळा, त्याला आम्ही चारा म्हणतो. माझ्या पतींचा चारा साऱ्या मंडलात नावाजलेला आहे. शेंगदाण्याची पेंड भाजून कुटलेली, ज्वारीचे भाजलेले पीठ, सुकलेला मोहू म्हणजे मोहाची फुले, चिमूटभर हिंग. माझ्या घरात वरणाला हिंग नसतो, पण माशांना असतो. या हिंगावरून आमची इतकी वर्षे भांडणे झाली आहेत.

लोकांना चारा बनवता येतो. तो राखता फक्त माझ्या पतींना येतो. हे मी त्यांची बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून मी त्यांना नेहमी येडेच म्हटले आहे. कोरडे मिश्रण ते पत्र्याच्या डब्यात ठेवतात, वर खडेमिठाची पुरचुंडी, म्हणजे ओल मीठ पिते व पिठाला लागत नाही. असे मिश्रण हिवाळ्यात दोन महिने चालते, पावसाळ्यात तीन आठवडे. लोक त्यात कडुनिंबाचा पाला टाकतात. माझे पती म्हणतात, त्याने पिठातले सोंडे किडे मरतात हे खरे, पण मासाही तोंड फिरवतो. शिजवलेल्या ज्वारीचा चारा पहिल्या दिवशी चांगला, दुसऱ्या दिवशी थोडा आंबूस होतो व कटल्याला तो जास्त आवडतो, तिसऱ्या दिवशी तार सुटली की फेकून द्यायचा. एकदा मी कंजूषपणा करून तार सुटलेला चारा ताज्यात मिसळला. त्यांनी सगळाच्या सगळा उकिरड्यावर नेऊन टाकला व दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

भिजवलेल्या गोळ्याला त्यांच्या दोन रीती आहेत. त्याच दिवशी वापरायचा असेल तर ओल्या फडक्यात, उजव्या हाताशी, सावलीत. फडके वाळले की पुन्हा ओले करायचे. लघवीला जायचे झाले तरी फडके झाकल्याशिवाय उठायचे नाही. आणि ठेवून कोठे जायचे असेल तर पळसाच्या पानांचे तीन थर, वर पळसाच्याच मुळीच्या वाखाची दोरी, मग मडक्यात, व मडके गळ्यापर्यंत ओल्या वाळूत. असा गोळा उन्हाळ्यात दीड दिवस टिकतो, या थंडीत चार दिवस, वर एखादा. कोणते पान कोणत्या बाजूने लावायचे हेही ठरलेले आहे. खरबरीत अंग बाहेर. बाजारात भाजी विकणाऱ्या आम्ही बाया कोथिंबीर एक दिवस ताजी ठेवू शकत नाही आणि हा माणूस भिजलेले पीठ चार दिवस ठेवतो. मी हे कौतुकाने सांगत आहे, तसेच लिहावे.

मी काठावर शोधले. करंजाच्या झाडाखाली, जिथे दिवसभर ऊन येत नाही, तिथे वाळू हाताने दाबून सारखी केलेली दिसली. भगवानराव यांनी ती उकरली. आत मडके निघाले. मडक्यात पळसाच्या पानांचा गोळा होता, तीन थर, वाखाची दोरी, खरबरीत अंग बाहेर. मी तेथेच पंचांसमक्ष तो सोडला. वास घेतला. मोहाचा गोड वास होता, आंबूसपणा नव्हता. गोळा नारळाएवढा होता, म्हणजे रविवारी संध्याकाळी माझ्यासमोर भिजवला तेवढाच. त्यातून चिमटीभरही काढलेले नव्हते. वर त्यांच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे होते.

हे पाहून मी गोळा मांडीवर घेऊन वाळूत बसले व मला रडू आले. जाळेवाल्यांना वाटले बाईला भोवळ आली. एकाने पाणी आणले. मी म्हटले, "मले काई झालं नाई. जायं काढा बाहेर. थे पाण्यात नाईत."

माझे म्हणणे असे की, गोळ्यातून चिमूटभर काढलेली नाही, म्हणजे सोमवारी माझ्या पतींनी गरी पाण्यात टाकलीच नाही. टाकली नाही तर ती अडकली नाही. अडकली नाही तर ते सोडवायला उतरले नाहीत. शिवाय चारा पळसात बांधून पुरला, म्हणजे त्यांना कोठे तरी जायचे होते आणि चार दिवसांच्या आत परत यायचे होते. जीव द्यायला निघालेला माणूस चारा चार दिवस टिकेल असा बांधत नाही. भगवानराव यांनी हे सर्व ऐकून घेतले व गोळ्याचा वासही घेतला. ते म्हणाले, "बाई, मी एकवीस वर्सं झाली नोकरीत हाओ, पण असा पुरावा पाह्यला नाई."

कपड्यांबद्दल विचारले असता सांगते की, घरी जाऊन पेटी उघडून पाहिली. त्यांचा पांढरा सदरा व पायजमा पेटीत नाही. बाहेर घालायच्या चपलाही नाहीत. म्हणजे हे कपडे व चपला त्यांनी पिशवीत घालून नेल्या, काठावर कपडे बदलले व माशांचा वास लागलेले सर्व काही तिथेच ठेवून गेले.

माशांचा वास चालत नाही असे आमच्या ओळखीत एकच घर आहे. ते सरहद्दीपलीकडे महाराष्ट्रात, जिवतीच्या बाजूला वाघदरी गावी आहे. घरातले सगळे माळकरी आहेत. तिथे माझी मुलगी मयूरी दिलेली आहे. दिलेली आहे हेही बरोबर नाही. तीन वर्षांपूर्वी तिने आपल्या मनाने लग्न केले. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललेली नाही व घरात तिचे नाव काढू दिलेले नाही. पतींनी कधी वाद घातला नाही. मला वाटले त्यांनाही माझ्यासारखाच राग आहे.

आता मागचे आठवते. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून ते दर महिन्याला पळसाची पाने तोडून आणत. पाने पुसायला मीच बसत असे. तिसऱ्या दिवशी परत येत तेव्हा दोन-तीन चांगले मासे आणत आणि ते त्याच संध्याकाळचे असत, गलफडे लालभडक. दोन दिवसांचे मासे कोठे गेले, हे मी विचारले नाही. पेटीतल्या सदऱ्याला आमच्या साबणाचा वास नसे, तेही विचारले नाही. म्हणजे दोन दिवस ते मुलीकडे राहत, तिसऱ्या दिवशी दुपारी तलावावर येऊन चारा उकरत आणि तासाभरात घरापुरते मासे काढत, माझी समजूत राहावी म्हणून. वर्षभर एकदाही चारा नासला नाही. एकदाही नासता तर ते रिकाम्या हाताने आले असते आणि मी पकडले असते. या माणसाच्या हाताला तोड नाही, हे मला आज तलावाच्या काठावर कळले. मला रडू आले, ते या कारणाने. दुसरे कारण पुढे सांगते.

बुधवारी दुपारी एक वाजता व पुन्हा संध्याकाळी पाचच्या सुमारास आमच्या मोबाईलवर मयूरीचा फोन आला होता. तिचा नंबर मी नाव न घालता ठेवलेला आहे, पण शेवटचे आकडे मला पाठ आहेत. मी दोन्ही वेळा फोन उचलला नाही. दुसऱ्यांदा तर वाजत असताना उलटा करून उशीखाली ठेवला. काल खबर देताना कोणाचा फोन वगैरे आला होता काय, असे विचारले होते. मी नाही म्हणून सांगितले. ते खोटे होते. मी फोन उचलला असता तर काल एवढी माणसे थंड पाण्यात उतरली नसती व मी एक अख्खा दिवस विधवा राहिले नसते.

यानंतर भगवानराव यांनी माझ्यासमोर ठाण्यातून त्या नंबरवर फोन लावला व माझ्या हातात दिला. पलीकडून मयूरी "हॅलो" म्हणाली. मी नुसते "हं" म्हटले. ती म्हणाली, "माय?" मी म्हटले, "थे हायेत काय तिथं?" ती म्हणाली, "हायेत. मंगळवारी ओट्यावरून घसरले. पायाले पलस्तर हाय. म्या दोनदा फोन लावला वं माय तुले." मग तिने फोन त्यांच्याकडे दिला.

माझे पती म्हणाले, "बयना, तू रागावशीन, पन आधी एक काम कर. करंजाखाली मडकं हाय. पानं सोडू नोको, उद्यालोक टिकते थो."

मी म्हटले, "सोडली म्या."

ते म्हणाले, "काऊन सोडली? नासवला का चारा?"

मी म्हटले, "सोडली म्हनून तुमी जिते निघाले. साऱ्या गावानं तुमाले पाण्यात बुडवलं होतं."

 त्यांनी विचारले, "वास कसा होता?"

मी सांगितले, "गोड होता. तुमच्यासारखा चारा कोनाले जमत नाई." हे मी लग्नानंतर त्यांना पहिल्यांदा म्हटले. ते म्हणाले, "आता पोरीसंगं बोल," आणि फोन मयूरीकडे दिला.

आम्ही मायलेकी त्यानंतर जे बोललो त्याचा तपासाशी संबंध नाही. ते लिहू नये, अशी मी विनंती केली. भगवानराव यांनी पेन खाली ठेवला व ते बाहेर जाऊन उभे राहिले.

माझे पती सापडले असल्याने माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. तलावातील जाळे काढून घ्यावे व उतरलेल्या माणसांना चहा द्यावा, त्यांना माझ्यामुळे त्रास झाला. कपडे, चपला, काठी व मडके मला मिळाले. गोळा मी पुन्हा नव्या पानांत बांधून करंजाखाली पुरणार आहे, पण पान कोणत्या बाजूने लावले हे त्यांना सांगणार नाही. दुपारच्या गाडीने मी वाघदरीला जात आहे. धुतलेले लुगडे नेसून जाणार आहे.

हा मजकूर भगवानराव यांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. फोन उशीखाली ठेवल्याचा भाग आला तेव्हा ते थांबले व म्हणाले, "बाई, आता मानूस सापडला. हे खोडून टाकू काय?" मी सांगितले, राहू द्या. सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे व खरा आहे.

डाव्या हाताचा अंगठा: बयनाबाई मारोतराव गोहोकर
समक्ष: भगवानराव, हेड कॉन्स्टेबल