विहीणबाईंच्या अंगावर पाणउंदीर

...नाही, मी म्हणतो, निदान मयताला गेल्यावर तरी गप्प बसावं की नाही माणसानं? चर्चमध्ये पाद्री प्रार्थना म्हणतोय, विधवा रडतेय, आणि आमच्या सासूबाई, डोम्नाबाई, पुढच्या बाईच्या फरच्या कॉलरवर हळूच फुंकर मारतायत! फू... केस बाजूला होतात, खालची लव दिसते, की लगेच माझ्या कानात, "ससा. कोल्हा म्हणून गळ्यात मारलाय तिच्या." तुम्हाला सांगतो, आख्ख्या कास्तोरियात आमच्या शेजारी बसायला बायका तयार नसतात. अर्थात आमचं गावच फरवाल्यांचं, कातडी कोण ओळखत नाही इथं? पण बाकीचे डोळ्यांनी ओळखतात. ही डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून सांगते. छळ आहे हो... पण बाईला मानलं पाहिजे!

तर आमच्या मुलीची, आन्थुलाची सोयरीक ठरत होती. मुलाची आई कालिरोईबाई, फ्लोरिना गावची, पहिल्यांदाच घरी येणार. मी सासूबाईंना आदल्या दिवशीच हात जोडून सांगितलं, उद्या काय फुंकायचं ते कॉफीवर फुंका. "बरं," म्हणाल्या. आणि विहीणबाई दारात उभ्या राहिल्या त्या कशात? घोट्यापर्यंत कोट! जुना, तपकिरी, झळझळीत, अंगावर गडद पट्टे. आमची बायको म्हणाली, "अगंबाई, मिंक!" म्हणजे भारीतली भारी फर. विहीणबाई नुसत्या हसल्या. त्यांच्या आईचा होता म्हणे.

मी कोट घेऊन पळणार होतो हो आत! पण सासूबाईंचा हात आधी पोचला. आधी सरळ फिरवला, मग उलटा. मग फुंकर. मग अस्तराची उसवलेली कड उचलून कातडीची आतली बाजू पाहिली. मी मुरंब्याची बशी पुढे करतोय, हवापाण्याचं बोलतोय, आन्थुला माझ्याकडे बघून मान हलवतेय... आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या,

"उंदीर आहे."

संपलं! म्हटलं, मोडलं लग्न. नवरीच्या आजीनं विहिणीला दारातच उंदीर पांघरायला लावला!

"पाणउंदीर," सासूबाई पुढे बोलतच होत्या. "मिंकची लव अशी निळसर राखाडी नसते. आणि कातडीसुद्धा रंगलीय, म्हणजे वरून रंग दिलाय. पण हे पट्टे बघा. पिसानं ओढलेत, एकेक. कुठं थांबला, कुठं परत सुरू केला, काही कळत नाही. असा हात मी आमच्या गावातसुद्धा बघितला नाही. कुणाचा हो हा?"

विहीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता पर्स उचलणार. तर डोळ्यांतून धारा!

"माझ्या वडिलांचा," त्या म्हणाल्या. "रंगारी होते. आईला मिंक घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून सबंध हिवाळा बसून हा रंगवला. जो तो म्हणायचा, काय सुंदर मिंक आहे. सगळं कौतुक त्या जनावराचं व्हायचं. माझ्या वडिलांचं आज पहिल्यांदा झालं."

आता बोला! मी इथं लग्न मोडायच्या भीतीनं घामाघूम, आणि या दोघी हातात हात घालून बसलेल्या. बाईला मानलं पाहिजे, दुसरं काय!

पुढं काय विचारता? लग्नाची तारीख काढायची राहिली बाजूला, दोघींनी आमची कपाटं उपसायला घेतली. हे कोकरू, ते मांजर, हे बरं, ते भिकार... करता करता माझा कोट बाहेर आला. माझ्या लग्नात खुद्द सासूबाईंनी दिलेला, बीव्हरच्या फरची कॉलर असलेला. दर नाताळात ऐटीत घालतो मी. विहीणबाईंनी कॉलरवर फुंकर मारली, तिचा एक केस उपटला, काडी ओढून पेटवला. केस वितळला हो! गोळी झाली त्याची!

"प्लास्टिक," विहीणबाई म्हणाल्या.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मुरंब्याचा चमचा सावकाश चाटला आणि म्हणाल्या,

"तेव्हा जावई टिकेल असं वाटलं नव्हतं."