मधलं नाव

(दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर. रविवार सकाळ. हिंदुराव, पत्नी प्रभावती, मुलगी सुकन्या.)

सुकन्या : नाही, बाबा. मी ऑफिसच्या या कागदावर सही करणार नाही.

हिंदुराव : अगं, नीट वाच तर. ‘तक्रारदाराने आपले नाव स्वतःच उघड केले.’ तुझ्यावर काही येतच नाही.

सुकन्या : कारण सगळं सृष्टीवर ढकललंय. तिनं कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिचं नाव माझ्या कोडनं फोडलं.

प्रभावती : सृष्टी म्हणजे ती मुनिरक्यात खोली घेऊन राहते ती? हळदीकुंकवाला आलेली?

सुकन्या : तीच. मॅनेजर त्रास देतो, म्हणून तिनं ऑफिसच्या पोर्टलवर तक्रार केली. तिथं नाव दिसत नाही, ईमेल दिसतो, तोही अर्धा झाकलेला. झाकायचा कोड माझा.

हिंदुराव : मग झाकलं नाहीस?

सुकन्या : पहिल्या टिंबापर्यंत फुल्या टाकल्या. पुढं एखादा आकडा असेल, आडनावाचं अक्षर असेल, असं धरून चालले. टेस्टिंगला घेतलेले सगळे आयडी तसेच होते. सृष्टीचा आयडी म्हणजे सृष्टी, टिंब, श्रीरंग, टिंब, आडनाव. ‘सृष्टी’वर फुल्या पडल्या, पुढचं सगळं उघडं. ऑफिसात श्रीरंगची मुलगी एकच, यार!

प्रभावती : आपल्यात वडलांचं नाव मध्ये लिहितातच की. तुला कसं सुचलं नाही?

सुकन्या : माझ्या आयडीत नाही ना, आई.

हिंदुराव : कॉलेजात काढून टाकलंस. फॉर्मवर पाहिलं होतं मी.

सुकन्या : सगळे हसायचे, बाबा. ‘अरे, ये हिंदुराव कौन है?’ मला लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

हिंदुराव : ते राहू दे. तिचं काय झालं?

सुकन्या : दुसऱ्याच दिवशी प्रोजेक्टवरून काढलं. उद्या चौकशी आहे. मी सही केली की तीच खोटी पडते.

हिंदुराव : कोड दुरुस्त केलास ना?

सुकन्या : केला. आता एक अक्षर सोडून सगळं झाकतो. तिला काय उपयोग?

हिंदुराव : तू प्रोबेशनवर आहेस. तीस वर्षं सरकारी नोकरी केली मी, वरच्यांशी पंगा घेऊन कुणाचं भलं झालेलं पाहिलं नाही. सरळ नारळ देतील हातात.

सुकन्या : देऊ देत. चूक माझी, सांगणारही मीच. लेखी. मेल लिहून ठेवलाय, चौकशी समितीत सगळ्यांना कॉपी टाकणार.

प्रभावती : बिल्कुल टाक. आणि त्या पोरीला आज जेवायला बोलव.

हिंदुराव : तूही तिचीच बाजू घे!

प्रभावती : घेणारच. हिचं नाव असं फुटलं असतं, तर तुम्ही स्कूटर काढून नोएडाचं ऑफिस गाठलं असतं.

हिंदुराव : …आण इकडे तो लॅपटॉप.

सुकन्या : मी एक शब्द बदलणार नाही हं.

हिंदुराव : बदलावा लागेल. ‘कदाचित माझी चूक असावी’ हे काय लिहिलंयस? माफीनामा आहे का हा? ‘चूक माझ्या कोडची आहे, सृष्टीची नाही.’ असं लिही.

सुकन्या : लिहिलं.

हिंदुराव : आता खाली पूर्ण नाव घाल.

सुकन्या : मधलंही?

हिंदुराव : मधलंही. विचारू देत, कौन है हिंदुराव.