भाकरी गोड लागेपर्यंत

अरे, साखर नसताना साखरेचा धडा शिकलोय आम्ही, भोरच्या शाळेत. लढाईचे दिवस, साखर रेशनवर. आमचे शास्त्राचे गुरुजी चिडके, पण प्रयोगाशिवाय एक ओळ पुढे सरकायचे नाहीत. त्यांनी स्वतःच्या डब्यातली तांदळाची भाकरी काढली आणि प्रत्येकाला तुकडा दिला.

"नुसता चावत राहा, गिळायचा नाही. थुंकीनं पिठाची साखर होते. गोड लागलं की हात वर करा."

हळूहळू सगळ्यांचे हात वर गेले. डोंगरातल्या पासली गावाहून आलेल्या धोंडूचा तेवढा खालीच.

"तुला गोड नाही लागलं?"

"न्हाई, गुरुजी."

दुसरा तुकडा दिला, तिसरा दिला, तरी न्हाईच. गुरुजी तापले. "अरे, चावतोस तरी का?"

धोंडू खाली बघत म्हणाला, "तोंडात ठरतच न्हाई, गुरुजी. चावाया जातोय तवर गिळूनच होतंय."

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. उरलेली भाकरी कालवणासकट त्यांनी धोंडूपुढे सरकवली. "आधी ही खा. हा प्रयोग भरल्या पोटी करायचा असतो, ते सांगायचं राहिलं माझ्याकडून."

खाऊन झाल्यावर धोंडू शेवटचा घास चावत बसला आणि त्यानं हात वर केला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी भाकऱ्यांची चवडच घेऊन आले. म्हणाले, कालचा प्रयोग पक्का करू. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी चवड संपेपर्यंत अख्ख्या वर्गात एकालाही भाकरी गोड लागली नाही.