दोन घोट पाण्याचं काम

…नाही, तुम्हीच सांगा, गोळी गिळायला असा किती वेळ लागतो? तोंडात टाकायची, वर पाणी, संपलं! दोन घोट पाण्याचं काम! आणि त्या गवंड्याच्या घरात माझे आठ महिने गेले हो, आठ!

क्षय झालेला. चार विटा उचलल्या की धापा टाकायचा, घरात दोन लहान मुली, बायकोच्या तोंडचं पाणी पळालेलं. डॉक्टरांनी बजावलं, रोज तीन गोळ्या, सहा महिने, खाडा नको, नाहीतर रोग माजतो आणि मग याच गोळ्यांना भीक घालत नाही. मी दवाखान्याची सेविका, आठवड्याला जायचे, पाकिटं बघायचे. रिकामी! अगदी वेळेवर! मी खूश… आणि हा दिवसेंदिवस काडी! दोन महिन्यांनी डबीत थुंकी घेऊन तपासली, तर जंतू जागच्या जागी. मला काही सुधरेना.

तेवढ्यात त्याची बायको मला मोरीपाशी गाठून हळूच म्हणते, "ताई, यांच्यासारखी सासूबाईंना आणि थोरल्या भाऊजींनाही लघवी केशरी का होते हो?" तिघांना? अगं बाई, त्या गोळीनं होते, पण गोळी घेणाऱ्याला! तडक गेले त्याच्या आईकडे. "आजी, गोळ्या कोण खातं?" तर म्हातारी शांतपणे, "कोण म्हणजे? एक याला, एक थोरल्याला, एक मला." अहो, पण दुखणं याला ना! "असू दे. आमच्या घरात एकट्यानं खायची रीत नाही. एकानं खायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं? थोरलाही बिचारा शिंकतो अधूनमधून!" मी कपाळावर हात मारला. तीन गोळ्या, तीन तोंडं, वाटणी चोख!

सगळ्यांना तपासलं. थोरला ठणठणीत, म्हातारी तर माझ्याहून ठणठणीत! याचं औषध मात्र पहिल्यापासून सुरू. मग काय, रोज सकाळी आठला मी त्यांच्या दारात. दोन घोट पाण्याचं काम, आणि त्यासाठी तीन किलोमीटर पायपीट! महिनाभरात खोकला थांबला, तशी याला शिंगं फुटली. "आता बरा आहे ताई, नको." नको? नको कसं? अक्षरशः भांडायचे हो, शेजारपाजार गोळा व्हायचा. "ओरडू नका, लोक ऐकतात!" "ऐकू देत!" गोळी गालात लपवायचा, मी म्हणायचे, आ करा! जीभ वर करा! एकदा घरी जेवताना नवऱ्यालाच म्हणाले, आ करा… तोही बिचारा गपकन करून बसला.

खोटं कशाला बोलू, एकदा वैतागून परत फिरले होते. म्हटलं, मर मेल्या! मागे वळून बघितलं, तर त्याची बायको पाण्याचा पेला धरून दारात उभी. आले माघारी. दोन घोट पाण्याचं काम… दुसरं काय!

परवा संपलं एकदाचं. तपासणी स्वच्छ! गडी बांधकामाच्या परांचीवर चढून विटा झेलतोय, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, आता तरी म्हातारी गोळीला चांगलं म्हणेल. तर ती आळीभर सांगत सुटलीय, "गोळ्यांचं काय घेऊन बसलात? आम्हीही खाल्ल्या की, काही फरक पडला नाही! ही बाई रोज येऊन त्याच्याशी भांडायची ना, त्यानं छाती मोकळी झाली!" आणि वर शेजारणीला हाताला धरून माझ्यापुढे उभी केली, "हिचा नवराही महिनाभर खोकतोय. उद्यापासून जरा त्याच्याशी भांडाल का?"

म्हटलं, "भांडते… पण आधी त्याला म्हणावं, या डबीत थुंक."