आपली गल्ली सोडून

लीलाधर : नाई म्हंजे नाई. हे मी बोलनार नाई.

मनकर्णा : पाहा कमलताई, कसं करू राहिले ते! शनिवारी या आजारवाल्यांच्या मीटिंगमधे तुमी आमाले सगळ्यांले सांगितलं, का घरच्या पेशंटचा आवाज आहे तवरच फोनमधे भरून ठेवा. तवापासून मी यांच्या मांगं लागली. पन हे ऐकतीन तर शपथ.

कमल : भाऊ, मी जळगावहून खास तुमच्यासाठी व्हिडिओ कॉल लावलाय. थोडीशीच वाक्यं आहेत. पाणी हवंय, मान सरळ करा, कूस बदला. पुढे बोलता येईनासं झालं, की फोनवर बोट ठेवायचं. तुमच्याच आवाजात ताईंना स्वयंपाकघरात ऐकू जाईल.

लीलाधर : ताई, मी काय काम करत व्हतो, मालूम आहे तुमाले?

कमल : माइकवरून पुकारा करायचात, असं ताई म्हणाल्या.

लीलाधर : रिक्षावर भोंगा, हातात माइक. कोन्या भागात लाइट जानार, कोनाचं पोरगं हरवलं, कोन वारलं. पुऱ्या बऱ्हानपुरानं माझ्या तोंडून ऐकलं. त्या आवाजात आता काय म्हनू? मले लघवीले जायचंय?

मनकर्णा : मंग? लघवी लागली का दुसऱ्याच्या आवाजात सांगनार का?

कमल : डॉक्टर काय म्हणाले मागच्या वेळी?

मनकर्णा : इंदूरचे डॉक्टर म्हने, नसांचा आजार आहे, हटत नाई. कोनाचे पैले हात जातात, कोनाची पैले जीभ. यांची जीभच धरली मेल्यानं. सकाळी बोलनं साफ असते. दुपार झाली का शब्द तोंडातच लोळतात. मलेबी दोनदा इचारा लागते, मंग ते चिडतात.

लीलाधर : चिडत नाई.

मनकर्णा : काल वाटी कोनी फेकली मंग?

कमल : भाऊ, एक सांगू? माझ्या मिस्टरांना हाच आजार होता. मी आज भरू, उद्या भरू, असं करत राहिले. एके दिवशी त्यांचं बोलणं कुणालाच कळेना. मग फोनमध्ये तयार आवाज मिळतो, तो घातला. कुठल्याशा बाईचा. 'पाणी द्या,' असं ती बाई म्हणायची आणि मी उठून ह्यांना पाणी द्यायचे. शेवटी शेवटी आमच्या घरात तीच बोलत होती. मला ती बाई अजून आवडत नाही.

लीलाधर : बाईचा आवाज?

कमल : हो. आणि भारी गोड.

लीलाधर : ठीक आहे. भरतो. पन पैले माझं एक. मंग तुमची यादी.

कमल : चालेल. मी इकडून रेकॉर्डिंग लावते, तुमच्या फोनवर लाल ठिपका दिसेल. हं, बोला भाऊ.

लीलाधर : शोक समाचार. बडे दुख के साथ सूचित किया जाता है, कि शनवारा निवासी, श्री लीलाधर महाजन, माइकवाले, का स्वर्गवास हो गया है. उनकी अंतिम यात्रा, उनके निवासस्थान से, ताप्ती घाट के लिए...

मनकर्णा : बंद करा! ताई, बंद करा ते!

लीलाधर : टाइम तेवढा बाकी आहे. तो आताचा पुकारेवाला शालिग्राम जोडीन.

मनकर्णा : काई लाज, काई शरम? जित्या मानसानं सोताचं असं बोलाव? तुळशीपुढं रोज हात जोडते मी. कोनासाठी जोडते?

लीलाधर : मंग कोन बोलीन माझं? शालिग्राम? त्याच्या रिक्षात पेनड्राइव्ह. साड्यांचा सेल आन् शोक समाचार, दोनी एकाच सुरात. मांगून गाना चालू.

मनकर्णा : बोलू द्या न त्याले. तुमाले थोडंच ऐकू यीन!

लीलाधर : दगाभाऊ गेले, तवा मी पुकारलं. मोतीलाल सेठचं मी. मथुराकाकूचं मी. चहावाला स्टो बंद करून ऐके. लोक सायकलीवरून उतरून जात. कोनाचं नाव मी घाईत नाई घेतलं कधी. नोकरी नाई केली, शेती नाई केली. हा आवाजच व्हता मजपाशी. आता तोबी चालला. एवढं एक काम तरी त्याले करू दे.

कमल : ताई, त्यांचं म्हणणं अगदीच...

मनकर्णा : ताई, तुमी थांबा जरा. आहो, तुमी तुमचं सांगितलं. आता माझं ऐका. त्या दिवशी मी इथंच खाली बसेल असन. तुमच्या बाजूले. बाया मले धरून बसल्या असतीन. आन् बाहेरून तुमचा आवाज यीन. लगन झाल्यापासून तो भोंगा गल्लीच्या तोंडाशी आला का मी उठून चहा ठेवते. मले कळते, आले म्हनून. त्या दिवशी काय करू मी? उठू? सांगा न. तुमी समोर पडेल आन् तुमीच बाहेरून यू राहिले. कोनाकडं पाहू मी?

लीलाधर : हे मी सोचलं नाई.

मनकर्णा : तुमी पुऱ्या गावाचं सोचता.

लीलाधर : मिटवा ताई ते. राहू द्या.

कमल : मिटवू का, ताई?

मनकर्णा : थांबा. असं तोंड नका करू आता तुमी. मले पाहावत नाई... ताई, नका मिटवू. ठेवा ते. शालिग्रामले देईन मी. पुऱ्या बऱ्हानपुरात फिरवीन म्हना तो. निंबोल्यालेबी घेऊन जा म्हनीन त्याले, फोपनारले जा, तिथं यांची मावशी आहे. आपली गल्ली सोडून.

लीलाधर : आपल्या गल्लीले कसं कळीन मंग?

मनकर्णा : गल्लीले भोंगा लागत नाई. मी रडली का कळीन.

लीलाधर : हाव. बरोबर आहे.

कमल : मी वेगळ्या नावानं ठेवते ते. चुकून लागायला नको. घ्यायची का आता यादी, भाऊ? दमलात तर सांगा.

लीलाधर : घ्या. पानी पाहिजे.

कमल : पाणी आणा ताई, थांबवते मी.

लीलाधर : नाई, नाई. ते भरू राहिलो.

कमल : अगंबाई! हो, आलं, भरलं गेलं. पुढचं.

लीलाधर : मान सरळ करा. मले कूस बदलून द्या. पंखा कमी करा.

मनकर्णा : अस्से पुकारू नका, शनवाऱ्याच्या दरवाजापर्यंत ऐकू जाईन लोकांले. घरात बोलता तसं बोला.

लीलाधर : घरात कसं बोलतो मी?

मनकर्णा : हळू. घरात तुमी लय हळू बोलता.

लीलाधर : मले लघवीले जायचंय. बस. झालं का समाधान?

मनकर्णा : झालं.

कमल : छान भरलंय भाऊ. पण आता शब्द जड व्हायला लागलेत. आज पुरे. बाकीचं उद्या सकाळी, जीभ ताजी असताना.

मनकर्णा : ताई, एक राहिलं. यादीत नाई ते.

कमल : कोणतं?

मनकर्णा : यादीत सगळं यांनी मांगायचं आन् मी द्यायचं. ते देईन मी, त्याचं काई नाई. पन मी बोलते त्याचं काय? दिवसभर माझं तोंड चालू असते. भाजीचं, नळाचं, शेजारच्या निर्मलाच्या सासूचं. हे पेपरात डोकं घालून 'हाव' म्हनतात. ते भरून द्या मले. ते गेलं, तर मी घरात येड्यासारखी एकटीच बडबडत राहीन.

कमल : देऊ ना. कसं हवंय? लक्ष देऊन म्हटलेलं?

मनकर्णा : नाई, नाई. न ऐकता म्हनतात, तसं.

लीलाधर : ऐकतो मी.

मनकर्णा : ऐकता? मंग सांगा, निर्मलाच्या सासूले काय झालं?

लीलाधर : चालू करा ताई.

कमल : केलंय. म्हणा भाऊ.

मनकर्णा : असं नुसतं नाई निघनार त्यांच्या तोंडून. मी बोलते, तुमी म्हना. पाहा... आज नळाले पानी गढूळ आलं.

लीलाधर : हाव.

मनकर्णा : रजनीचा फोन व्हता. दिवाळीले इंदूरहून लवकर यीन म्हने, जावईबी येतीन.

लीलाधर : हाव.

मनकर्णा : गल्लीतल्या कुसुमनं केळाचे चिप्स पाठवले. तुमाले आता गिळता येत नाईत, म्हनून मी डबाच उघडला नाई.

लीलाधर : हाव.

मनकर्णा : मले भेव वाटते.

(फोनवरचा लाल ठिपका चालूच आहे.)

लीलाधर : मलेबी.